दाखल-खारीजची एक ओळ

शाळा सोडताना मिळणाऱ्या कागदाला विदर्भात टीसी म्हणतात, मुंबई-पुण्याकडे एलसी. छापील नमुन्यावर ‘शाळा सोडल्याचा दाखला’ असे नाव असते. यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसला दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघर ‘टीसी काढली का?’ हा प्रश्न सुरू होतो. त्याच्या मागोमाग मार्कलिस्ट, बोनाफाईड, कास्ट, व्हॅलिडिटी ही नावे येतात. बोलताना आपण या सगळ्यांना ‘सर्टिफिकेटं’ म्हणून एकाच पिशवीत कोंबतो. पण त्यातला प्रत्येक कागद वेगळी गोष्ट सांगतो, वेगळ्या अधिकाऱ्याच्या सहीने सांगतो आणि वेगळ्या ठिकाणी उपयोगी पडतो. कोणता कागद कशाची साक्ष देतो हे माहीत नसले की ऐन प्रवेशाच्या दिवसांत धावपळ होते. कधी ती कोर्टापर्यंतही जाते.

सोपे कागद आधी बाजूला काढू. गुणपत्रिका किती गुण मिळाले ते सांगते. उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र परीक्षा पास झाल्याचे सांगते. दहावीनंतर मंडळाकडून हे दोन्ही कागद वेगवेगळे मिळतात आणि दोन्ही जपावे लागतात. बोनाफाईड हा चालू काळातला कागद आहे. हा विद्यार्थी आज आमच्या शाळेत शिकतो आहे, एवढेच तो म्हणतो. म्हणून एसटीच्या पासला किंवा शिष्यवृत्तीला तो चालतो, पण शाळा सोडल्यावर त्याचा अर्थ संपतो. पदवी प्रमाणपत्र विद्यापीठ देते, महाविद्यालय नव्हे. विद्यार्थी पदवीला पात्र ठरणे अपेक्षित असलेल्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत पदवी प्रदान झाली पाहिजे, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे. प्रशस्तिपत्र म्हणजे नुसते कौतुक. गॅदरिंगमध्ये मिळालेले प्रशस्तिपत्र प्रवेशाच्या फाइलमध्ये घालून उपयोग नाही.

सनद या शब्दाचा प्रवास मजेदार आहे. उर्दूत शैक्षणिक प्रमाणपत्राला सर्रास सनद म्हणतात. मराठीत मात्र ती राजाने किंवा सरकारने दिलेल्या हक्काची राहिली. पूर्वी इनामाची सनद असे, आज वकिलीची असते आणि ती महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल देते. दिग्रसच्या शेजारच्या पुसदजवळ गहुलीच्या तांड्यावर १९१३ साली जन्मलेले वसंतराव नाईक राजकारणात येण्याआधी वकील होते. पुढे १९६३ ते १९७५ अशी सलग अकराहून अधिक वर्षे ते मुख्यमंत्री राहिले. त्यांच्यासारख्या माणसाकडे कायद्याची पदवी विद्यापीठाची असते आणि सनद वकिलीची. शिक्षण झाले हे एक कागद सांगतो आणि व्यवसायाचा हक्क मिळाला हे दुसरा. डॉक्टरकीतही पदवी आणि वैद्यक परिषदेची नोंदणी यांत हाच फरक आहे.

आता दाखला. या साध्या कागदावर जरा थांबायला हवे, कारण माझ्या मते सगळ्या शैक्षणिक कागदांत सर्वांत जास्त ओझे याच कागदाने वाहिले आहे.

वऱ्हाडात शाळेच्या प्रवेशाच्या जाड नोंदवहीला ‘दाखल-खारीज’ म्हणतात. मूल शाळेत आले की दाखल, गेले की खारीज. दोन्ही शब्द अरबी-फारसीतून दप्तरात आलेले आणि इथल्या लोकांच्या बोलण्यात पक्के रुजलेले. इतरत्र या वहीला जनरल रजिस्टर किंवा प्रवेश-निर्गम नोंदवही म्हणतात. तिच्यात प्रत्येक मुलाला एक क्रमांक आणि एक आडवी ओळ मिळते. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, धर्म, जात-पोटजात, जन्मस्थळ, अंकी व अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, इयत्ता, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा, असे सगळे त्या ओळीत असते. दाखला म्हणजे त्या ओळीची मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याने दिलेली नक्कल. म्हणून दाखल्यावर रजिस्टरचा क्रमांक असतो आणि तो क्रमांक हाच त्याचा प्राण आहे. दाखला हरवला तर द्वितीय प्रत मिळू शकते, कारण मूळ ओळ वहीत शाबूत असते. वहीच गेली तर मात्र दाखला उभा राहायला जागा उरत नाही.

दाखल्याची आणखी एक रीत ध्यानात ठेवावी. मूल एका शाळेतून दुसरीत जाते तेव्हा नवी शाळा जुन्या शाळेचा मूळ दाखला ठेवून घेते आणि त्यावरून आपल्या वहीत नवी ओळ लिहिते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून माध्यमिक शाळेत, तिथून कनिष्ठ महाविद्यालयात, अशी ओळीवरून ओळ उतरत जाते. पहिलीत गुरुजींनी नावाची वेलांटी चुकवली किंवा जन्मसाल एकाने इकडेतिकडे लिहिले, तर ती चूक मुलाबरोबर बारावीपर्यंत चढत जाते. जुन्या पिढीत १ जून किंवा १ जुलै या जन्मतारखा इतक्या आढळतात त्याचे कारणही इथेच आहे. आईबाप ‘पोळ्याच्या आसपास झाला’ असे सांगत, गुरुजी अंगापिंडावरून वय ठरवत आणि शाळा सुरू होण्याच्या सुमाराची सोयीची तारीख लिहीत. त्यात फसवणुकीचा हेतू नव्हता. जन्माची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत बसवून घ्यायची ती रीत होती, आणि तसे बसवून घेतले नसते तर कितीतरी माणसे निरक्षर राहिली असती.

कायद्याने या ओळीला किती वजन द्यावे, यावर न्यायालयांत पुष्कळ खल झाला आहे. १९८८ मध्ये बिरदमल सिंघवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की शाळेच्या नोंदवहीतली जन्मतारीख पुराव्यात येऊ शकते, पण ती कोणाच्या सांगण्यावरून लिहिली हे कळल्याशिवाय तिला फारसा अर्थ नाही. दुसरीकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये वय ठरवताना शाळेचे जन्मतारखेचे प्रमाणपत्र किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र पहिल्या पायरीवर ठेवले आहे. ते नसेल तर महापालिकेचा किंवा पंचायतीचा जन्मदाखला पाहायचा आणि तोही नसेल तरच वैद्यकीय चाचणी करायची. ऑक्टोबर २०२४ मध्ये अपघात-भरपाईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा आधार घेऊन आधार कार्डापेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची जन्मतारीख ग्राह्य धरली. आधार ओळख पटवण्यासाठी आहे, जन्मतारीख सिद्ध करण्यासाठी नाही, हा मुद्दा त्या निकालाने स्पष्ट झाला.

दिग्रसच्या संदर्भात मात्र वयापेक्षा जातीचा रकाना जास्त बोलतो. हा सगळा बंजारा तांड्यांचा मुलूख आहे. बंजारा समाजाचे पोहरादेवी इथून जवळच, वाशीम जिल्ह्यात. जिल्ह्यात गोंड, कोलाम, आंध, परधान वस्त्या आहेत. व्यावसायिक शिक्षणाच्या राखीव जागेसाठी नुसते जात प्रमाणपत्र पुरत नाही, पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. त्याचा पाया १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने घातला आणि महाराष्ट्राने त्यावर केलेला कायदा ऑक्टोबर २००१ मध्ये अमलात आला. समितीला जुना पुरावा हवा असतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा. या तारखांना मानीव दिनांक म्हणतात. सवलती मिळू लागण्याआधीच्या नोंदीत खोटे लिहायला कोणाला कारण नव्हते, म्हणून जितकी नोंद जुनी तितके तिचे वजन अधिक, असा त्यामागचा विचार आहे.

असा जुना पुरावा शेतमजुराच्या किंवा तांड्यावरच्या घरात कुठून यायचा? सातबाऱ्यावर नाव नाही, कारण जमीनच नव्हती. खरेदीखत नाही, नोकरीचे सेवापुस्तक नाही. उरते ती आजोबांच्या प्राथमिक शाळेतली दाखल-खारीजची ओळ. आजोबा दुसरीतून शाळा सोडून गुरांमागे गेले असतील, तरी त्यांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव आणि जात त्या वहीत असते. नातीला वैद्यकीय प्रवेश हवा असतो आणि त्यासाठी घरचे लोक आजोबा ज्या शाळेत वर्ष-दीड वर्ष बसले त्या शाळेत उतारा मागायला जातात. शिक्षण अर्धवट राहिलेल्या माणसाने पुढच्या पिढीच्या शिक्षणासाठी ठेवलेला हा ठेवा मला फार मोलाचा वाटतो.

पण ओळ सापडली म्हणजे काम झाले असे नाही. लिहिणाऱ्या गुरुजींना समाजाची नावे जशी कळली तशी त्यांनी लिहिली. एकाच घरात एकाच्या नावापुढे बंजारा, दुसऱ्याच्या पुढे लमाण, तिसऱ्याच्या पुढे वंजारी असे आढळू शकते. आजच्या यादीत बंजारा विमुक्त जातींत, म्हणजे ३ टक्क्यांच्या ‘अ’ गटात येतात आणि वंजारी भटक्या जमातींच्या २ टक्क्यांच्या ‘ड’ गटात. एका अक्षराने गट बदलतो.

आदिवासींच्या नोंदींना इथे आणखी एक इतिहास आहे. १९५६ च्या यादीत विदर्भातल्या जमातींना क्षेत्रबंधन होते. यवतमाळ जिल्ह्यात ती यादी केळापूर, वणी आणि यवतमाळ या तीनच तालुक्यांना लागू होती. दिग्रस तेव्हा दारव्हा तालुक्यात होते, म्हणजे यादीच्या बाहेर. केळापूरचा गोंड अनुसूचित जमातीचा आणि दिग्रसकडचा त्याचाच भाऊबंद मात्र नाही, अशी ही स्थिती १९७६ च्या दुरुस्ती कायद्यापर्यंत टिकली. क्षेत्रबंधन उठल्यावर दावे वाढले, त्याबरोबर खोट्या दाव्यांची शंकाही वाढली आणि खरे अर्जदार त्या शंकेत भरडले. दारव्ह्याच्या बाजूच्या १९४० च्या वहीत ‘गोंड’ असे लिहिलेले असेल, तर त्या ओळीमागे कोणत्याही लाभाची आशा नव्हती. समितीने तिला वजन द्यायला हवे ते याच कारणासाठी. चालीरीती, देवके, बोली यांवरून जमात ओळखण्याच्या चाचणीला ‘आप्तभाव’ म्हणतात. ही चाचणी प्रत्येक प्रकरणात अंतिम कसोटी मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात पुन्हा सांगितले. जुना कागद खरा असेल तर तो आधी पाहायचा.

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली तेव्हा महसुली दप्तर आणि कोतवाल बुकांबरोबर शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्याही उघडल्या गेल्या. मोडी वाचणाऱ्यांना बोलवावे लागले. शाळेच्या कपाटात धूळ खात पडलेल्या वह्या हे महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचे केवढे मोठे दप्तर आहे, हे त्या निमित्ताने अनेकांना पहिल्यांदा कळले. ही वही कायम जतन करायची असते, ती निकालात काढता येत नाही. तरी तिची पाने वाळवीने आणि गळक्या छपराने जातात, हे आपण डोळ्यांनी पाहतो. प्रत्येक जिल्हा परिषद शाळेतल्या १९६७ पूर्वीच्या वह्या स्कॅन करून ठेवणे हे रस्त्या-पुलांइतके निकडीचे काम आहे, असे मी मानतो.

कागदावरच्या छापील नावांनीही इथल्या लोकांची परीक्षा पाहिली आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता, त्याआधी मध्यप्रांत व वऱ्हाडात. पुढे साडेतीन वर्षे द्वैभाषिक मुंबई राज्य आणि मग महाराष्ट्र. त्यामुळे दिग्रसच्या एकाच घरात आजोबांच्या मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर मध्य प्रदेशचे नाव, काकांच्या कागदावर विदर्भातल्या मंडळाचे आणि वडिलांच्या कागदावर १९६६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य मंडळाचे नाव असू शकते. कोणी घर बदललेले नसते, राज्येच बदललेली असतात. पदवीचेही तसेच आहे. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाकडे पूर्वी सगळा विदर्भ होता. १९८३ मध्ये अमरावतीचे विद्यापीठ झाल्यावर यवतमाळ जिल्हा तिकडे गेला. म्हणून जुन्या पदवीच्या पडताळणीसाठी नागपूर आणि नव्या पदवीसाठी अमरावती गाठावी लागते.

चूक दुरुस्त करण्याविषयी लोकांत दोन टोकांचे समज आहेत. काहींना वाटते की शाळेत अर्ज दिला की झाले, तर काहींना वाटते की दाखला हातात पडला की काहीच करता येत नाही. नियम असा की मूल शाळेत शिकत असताना शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने नाव, जात, जन्मतारीख दुरुस्त करता येते. शाळा सोडल्यावर असे बदल माध्यमिक शाळा संहिता सहसा करू देत नाही. पण उघड दिसणारी लेखनातली चूक शाळा सोडल्यानंतरही दुरुस्त करता येते, असा खुलासा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१९ मध्ये केला. त्यासाठी जन्मनोंद किंवा वडिलांच्या नोंदीसारखा पुरावा लागतो. म्हणून मूल चौथीत-सातवीत असतानाच एकदा शाळेत जाऊन वहीतली त्याची ओळ वाचून घ्यावी, आणि दाखला मिळाला की शाळेच्या फाटकाबाहेर पडायच्या आधी तो अक्षर न् अक्षर तपासावा. अक्षरी जन्मतारीख विशेषतः, कारण अंक आणि अक्षर जुळले नाहीत की पुढचा प्रत्येक कारकून अडतो.

दाखला अडवून ठेवण्याची खोड वेगळी, आणि तिच्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. फी थकली म्हणून टीसी देत नाही, असे शाळा म्हणते आणि पालक हताश होतात. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ सांगते की मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचे असेल, तर मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा. उशीर करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दाखला आला नाही या कारणाने नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम १४ मध्ये आहे. हा कायदा आठवीपर्यंतचा. उच्च शिक्षणात विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये बजावले आहे की संस्थांनी विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेऊ नयेत. तपासायची आणि परत द्यायची. साक्षांकनासाठी राजपत्रित अधिकाऱ्याचे दार ठोठावण्याची सक्तीही राज्याने मार्च २०१५ मध्ये काढली. स्वतःच्या सहीची प्रत चालते.

दिवाळीनंतर तांडे रिकामे होतात. कुटुंबे ऊसतोडीला जातात, बांधकामावर जातात, आणि मुले मधल्या सत्रात शाळेतून निघतात. अशा मुलांना दरवेळी दाखला काढून पुन्हा नवा प्रवेश घ्यायला लावले, तर ती दोन वर्षांत कायमची खारीज होतील. म्हणून राज्याने स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आणले. मूल जाते तिथल्या शाळेने ते पाहून त्याला बसवून घ्यायचे आणि परत आल्यावर मूळ शाळेने पुढे शिकवायचे. कागद साधा आहे, पण मुकादमाबरोबर ट्रॅक्टरवर चढण्याच्या घाईत तो घेतला जाईल हे गुरुजींनाच पाहावे लागते. गावोगाव असे गुरुजी आहेत आणि त्यांच्यामुळे ही व्यवस्था चालते.

मंडळाच्या गुणपत्रिका आता डिजिलॉकरवर मिळतात आणि तिथला कागद कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीचा आहे. पण १९४५ सालच्या गावच्या शाळेतली आजोबांची ओळ तिथे सापडणार नाही.

जन्मतारखेपुरता मात्र दाखल्याचा भार आता उतरणार आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून नोकरीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाईल. ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण हा आजचा नियम राहिला, तर या मुलांची पहिली तुकडी जून २०२९ मध्ये पहिलीत येईल. तिच्या वहीत गुरुजींना अंदाजाने १ जून लिहिता येणार नाही. तांड्यावरच्या आईबापांनी त्याआधी करायचे काम एवढेच की जन्म जिथे झाला तिथेच नोंदवायचा, मग तो फड सांगलीकडचा असो की सोलापूरकडचा. २१ दिवसांच्या आत नोंद विनामूल्य होते. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. बाळाचे नाव ठरले नसेल तरी नोंद अडत नाही. नाव वर्षभरात फुकट आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून चढवता येते. आणि १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव येते. तेव्हा नोंद करतानाच आईचे नाव तिच्या कागदपत्रांशी अक्षरशः जुळवून लिहून घ्यावे.